युरोपातील वाहतूक पोलिसांचे सहकार्य

युरोपातील वाहतूक पोलिसांचे सहकार्य म्हणजे रस्ते अपघातांतील मृत्यू व गंभीर दुखापती कमी करण्यासाठी युरोपातील निरनिराळ्या देशांच्या वाहतूक पोलीस दलांनी एकत्र येऊन उभारलेली व्यवस्था होय. या सहकार्याचे मुख्य व्यासपीठ 'रोडपोल' हे असून २०२० पूर्वी तेच कार्य 'टिस्पोल' या नावाने चालत असे. युरोपीय संघातील देशांखेरीज नॉर्वे, स्वित्झर्लंड, सर्बिया यांसारख्या संघाबाहेरील देशांची पोलीस दलेही या जाळ्यात सहभागी झालेली आहेत.

रोडपोल हे पोलीस दल नाही. त्याचा स्वतःचा गणवेशधारी शिपाई नाही, त्याला कोणाचे वाहन अडवण्याचा वा दंड करण्याचा अधिकार नाही. एकाच आठवड्यात, एकाच गुन्ह्यावर, सर्व देशांनी आपापल्या कायद्यानुसार कारवाई करावी आणि आपला अनुभव इतरांना सांगावा, एवढेच त्याचे स्वरूप आहे. इंटरपोल किंवा युरोपोल यांच्याशी नामसाधर्म्य असले तरी त्या संस्थांशी त्याची गल्लत करू नये.

पार्श्वभूमी

युरोपात रस्ते एक झाले, कायदे मात्र वेगळे राहिले. या सहकार्याची गरज त्या विसंगतीतून निर्माण झाली. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी झालेल्या कराराने सदस्य देशांमधील सीमा-तपासणी टप्प्याटप्प्याने उठवण्याचे ठरले आणि २६ मार्च १९९५ पासून ते प्रत्यक्षात आले. तेव्हापासून पोर्तुगालमधून निघालेला ट्रक स्पेन, फ्रान्स व जर्मनी ओलांडून पुढे जाताना कोणत्याही सीमेवर थांबेनासा झाला. पोलिसांचा अधिकार मात्र पूर्वीप्रमाणेच सीमेपाशी संपत होता.

वाहतुकीचे मूलभूत नियम व रस्त्यांवरील चिन्हे यांत काही प्रमाणात एकवाक्यता पूर्वीच आली होती. ८ नोव्हेंबर १९६८ रोजी व्हिएन्ना येथे झालेल्या दोन आंतरराष्ट्रीय करारांमुळे बहुतेक युरोपीय देशांत तांबडा त्रिकोण किंवा तांबड्या कडेचे वर्तुळ यांचा अर्थ सारखाच आहे. परंतु नियम मोडल्यावर काय होते, याची उत्तरे देशागणिक बदलतात. रक्तातील मद्यार्काची मर्यादा हे त्याचे ठळक उदाहरण. चेक प्रजासत्ताक, हंगेरी, स्लोव्हाकिया व रोमानिया येथे गाडी चालवताना मद्याचा अंशही चालत नाही. स्वीडन, नॉर्वे व पोलंड येथे ही मर्यादा दर लिटर रक्तामागे ०.२ ग्रॅम, बहुतेक देशांत ०.५ ग्रॅम, तर इंग्लंड व वेल्समध्ये ०.८ ग्रॅम आहे. एकट्या ब्रिटनमध्येही एकसूत्रता नाही. स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये आपली मर्यादा ०.५ वर आणली, त्यामुळे इंग्लंडमधून उत्तरेकडे जाणारा चालक गाडी चालवता चालवताच गुन्हेगार ठरू शकतो. वेगाच्या बाबतीत जर्मनीच्या द्रुतगती महामार्गांवर मोटारींना सरसकट मर्यादा नाही, केवळ ताशी १३० किमीची शिफारस आहे. शेजारच्या बहुतेक देशांत हाच आकडा सक्तीचा, किंवा मर्यादा त्याहूनही कमी आहे.

२००१ साली युरोपीय आयोगाने आपल्या श्वेतपत्रिकेत दहा वर्षांत रस्ते अपघातांतील मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. आज संघात असलेल्या २७ देशांत त्या वर्षी ५१ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मरण पावली होती. २००४ मध्ये आयोगाने अंमलबजावणीविषयी एक शिफारस प्रसिद्ध केली. तीत स्वयंचलित वेगमापन, चालकांची यादृच्छिक श्वासचाचणी आणि सीटबेल्टची वर्षातून किमान तीनदा विशेष तपासणी या तीन गोष्टींवर भर होता. अपघाताला वेग, मद्य आणि न लावलेला पट्टा हीच कारणे वारंवार जबाबदार ठरतात, हे त्यामागील गृहीतक होते आणि ते आजही बदललेले नाही.

टिस्पोल ते रोडपोल

विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत पश्चिम युरोपातील वाहतूक पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी परस्परांच्या संपर्कात आले आणि त्यातून टिस्पोल हे जाळे उभे राहिले. आरंभीच्या काळात युरोपीय आयोगाच्या अनुदानाचा त्याला मोठा आधार मिळाला. टिस्पोलचा कारभार ब्रिटनमधून चालत असे आणि त्याची वार्षिक परिषद अनेक वर्षे मँचेस्टर येथे भरत असे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या सुमारास या जाळ्याची पुनर्रचना झाली. २०२० च्या आरंभापासून रोडपोल या नावाने ते काम करू लागले. रोडपोलची नोंदणी जर्मनीत झालेली असून म्युन्स्टर येथील जर्मन पोलीस विद्यापीठाचा पत्ता हाच त्याचा पत्ता आहे.

प्रत्येक देशाचा एक प्रतिनिधी रोडपोलच्या मंडळावर असतो. वर्षभराच्या मोहिमांचे वेळापत्रक हे मंडळ ठरवते. मोहीम संपली की प्रत्येक देश किती वाहने तपासली, किती गुन्हे आढळले याचे आकडे पाठवतो. हे आकडे देशादेशांत ताडून पाहताना सावध राहावे लागते. जिथे पोलीस अधिक तपासतात तिथे गुन्हेही अधिक सापडतात, म्हणून तिथले चालक अधिक बेशिस्त आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही.

वेगावरील मोहीम

रोडपोलच्या मोहिमांपैकी सर्वांत गाजलेली मोहीम वेगमर्यादेविषयीची आहे. तिचे मूळ जर्मनीतील नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या राज्यात आहे. १० फेब्रुवारी २०१२ रोजी त्या राज्याच्या पोलिसांनी सलग २४ तास वेगमापन केले. या उपक्रमाला 'ब्लिट्समॅरेथॉन' असे नाव पडले. वेगमापक कॅमेऱ्याच्या लखलखाटाला जर्मन बोलीत 'ब्लिट्स' म्हणतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये हा उपक्रम जर्मनीभर आणि १६ एप्रिल २०१५ रोजी वीसहून अधिक युरोपीय देशांत झाला. त्यानंतर तो टिस्पोलच्या, व पुढे रोडपोलच्या, वार्षिक कार्यक्रमाचा भाग बनला.

या मोहिमेची दोन वैशिष्ट्ये होती. एक म्हणजे तपासणीची तारीख आगाऊ जाहीर केली जाई, अनेक ठिकाणी तर जागाही वर्तमानपत्रांत छापल्या जात. दुसरे म्हणजे वेगमापन कुठे करावे हे सुचवण्याची संधी नागरिकांना दिली जाई. आपल्या मुलांच्या शाळेसमोरून, आपल्या घरासमोरून गाड्या किती वेगाने जातात हे तिथल्या रहिवाशांना ठाऊक असते, आणि सूचनाही अशाच जागांच्या येत. पकडणाऱ्याने आपण कधी येणार हे आधी सांगावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु दंडाची रक्कम वाढवणे हा या मोहिमेचा उद्देश नव्हता. एक दिवस तरी प्रत्येक चालकाने वेगाचा काटा पाहत गाडी चालवावी, हा तिचा हेतू होता.

वेगावर एवढा भर देण्यामागे संशोधनाचा आधार आहे. स्वीडनचे संशोधक गोरान निल्सन यांनी मांडलेल्या सूत्रानुसार एखाद्या रस्त्यावरील वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, तर तिथले प्राणघातक अपघात सुमारे ४ टक्क्यांनी वाढतात. याच न्यायाने वेगात झालेली किरकोळ घटही जीव वाचवते.

मद्य व अमली पदार्थ, सीटबेल्ट, आणि गाडी चालवताना मोबाइलचा वापर यांविरुद्धही ठरावीक आठवड्यांत मोहिमा होतात. त्यांची पद्धत साधारणतः सारखीच असते. मोबाइलविषयीच्या तपासणीत काही देशांचे पोलीस उंच ट्रकमध्ये किंवा बसमध्ये बसून शेजारून जाणाऱ्या चालकांच्या हातांकडे लक्ष ठेवतात. मोटारीतून न दिसणारा मांडीवरचा फोन तेवढ्या उंचीवरून दिसतो.

अवजड वाहने आणि टॅकोग्राफ

ट्रक व प्रवासी बस यांच्या तपासणीची मोहीम वर्षातून एकाहून अधिक वेळा होते. सहकार्याचा खरा लाभ कोणत्या क्षेत्रात झाला, असे विचारल्यास याच क्षेत्राकडे बोट दाखवावे लागेल.

आंतरराष्ट्रीय मालवाहतूक करणाऱ्या ट्रकचे एकूण वजन ४० टनांपर्यंत असू शकते. ताशी ८० किमी वेगाने जाणारे असे वाहन सेकंदाला २२ मीटरहून अधिक अंतर कापते. चालकाला तीन सेकंद डुलकी लागली, तर तेवढ्या वेळात ते सुमारे ६६ मीटर पुढे गेलेले असते. म्हणून युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाने चालकाच्या कामाचे तास बांधून दिले आहेत. साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदाच १० तास, आठवड्याला एकूण ५६ तास आणि सलग दोन आठवड्यांत ९० तास यांपेक्षा अधिक काळ गाडी चालवता येत नाही.

हे तास मोजणारे यंत्र म्हणजे टॅकोग्राफ. पूर्वी या यंत्रात कागदाची गोल चकती असे आणि तिच्यावर सुईने वेग व वेळ यांची रेघ उमटे. १ मे २००६ पासून नव्या वाहनांत अंकीय टॅकोग्राफ सक्तीचा झाला. आता प्रत्येक चालकाकडे स्वतःच्या नावाचे कार्ड असते. जून २०१९ पासूनच्या नव्या वाहनांतील यंत्रांतून काही माहिती पोलिसांना गाडी न थांबवता दुरून वाचता येते, तर ऑगस्ट २०२३ पासूनची यंत्रे वाहनाने देशाची सीमा ओलांडल्याची नोंदही आपोआप करतात.

यंत्र सुधारले तशा लबाडीच्या वाटाही सुधारल्या. गिअरबॉक्सजवळील संवेदकावर चुंबक ठेवला की ट्रक धावत असतानाही यंत्र तो उभा असल्याची नोंद करते. दुसऱ्या माणसाचे कार्ड वापरून एकच चालक दोघांच्या नावे गाडी हाकतो. प्रदूषण रोखणारे द्रव वाचवण्यासाठी इंजिनाच्या संगणकाला फसवणारी उपकरणेही सापडलेली आहेत. अशा युक्त्या एका देशात उघडकीस आल्या की त्यांची छायाचित्रे व ओळखण्याच्या खुणा इतर देशांच्या पोलिसांपर्यंत पोहोचवणे, हे या सहकार्याचे फारसे प्रसिद्धी न मिळणारे पण मोलाचे काम आहे. केवळ अवजड वाहनांच्या तपासणीसाठी 'युरो काँत्रोल रूट' हे दुसरे जाळेही आहे. बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग व फ्रान्स यांनी ते १९९९ मध्ये सुरू केले. त्यात पोलिसांबरोबर परिवहन खात्यांचे तपासनीसही असतात.

याच क्षेत्रात कायद्याने सीमेचा अडसर दूर केला, हे विशेष आहे. २००६ च्या नियमानुसार कामाच्या तासांचा भंग एका देशात झाला असला, तरी तो उघडकीस आणणारा दुसरा देश त्याबद्दल दंड करू शकतो. स्पेनमध्ये विश्रांती न घेता धावलेल्या ट्रकला हंगेरीतील पोलीस रस्त्यावरच जाब विचारू शकतात. एका गुन्ह्याला दोनदा दंड होऊ नये म्हणून चालकाला कारवाईचा लेखी पुरावा दिला जातो. पूर्वी चालकाला चालू दिवस व मागील २८ दिवसांच्या नोंदी दाखवाव्या लागत. २०२४ च्या अखेरीपासून ही मुदत ५६ दिवस झाली.

परदेशी नंबरप्लेटचा प्रश्न

ट्रकच्या बाबतीत जे साधले, ते मोटारींच्या बाबतीत साधणे फार कठीण गेले. पोलिसाने समोरासमोर अडवलेल्या परदेशी चालकाकडून दंड किंवा अनामत रक्कम तिथेच वसूल करण्याची सोय अनेक देशांत आहे. प्रश्न आहे तो कॅमेऱ्याने टिपलेल्या गाडीचा. कॅमेऱ्याला नंबर दिसतो, माणूस कोण हे कळत नाही, आणि तो नंबर ज्या देशाच्या नोंदवहीत आहे तो देश दुसराच असतो.

युरोपीय आयोगाच्या आकडेवारीनुसार संघातील रहदारीत परदेशी वाहनांचा वाटा सुमारे ५ टक्के होता, परंतु वेगमर्यादा ओलांडण्याच्या गुन्ह्यांत तो सुमारे १५ टक्के होता. फ्रान्ससारख्या, पर्यटकांची व पार जाणाऱ्या वाहनांची गर्दी असलेल्या देशात हे प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत आणि सुट्यांच्या काळात ४० ते ५० टक्क्यांपर्यंत जाई. परदेशी चालक मुळात अधिक बेदरकार असतात, असे यावरून मानण्याचे कारण नाही. घरापासून दूर आपल्याला कोणी शोधून काढणार नाही या खात्रीचा हा परिणाम आहे. एकाच रस्त्यावर स्थानिकाला दंड आणि पाहुण्याला माफी, ही गोष्ट स्थानिक चालकांच्याही मनातून कायद्याचा आदर कमी करते.

वाहन-नोंदणीची माहिती देशादेशांत पाहता यावी यासाठी 'युकॅरिस' ही संगणकीय व्यवस्था उभारण्यात आली. २००५ साली जर्मनीतील प्र्यूम येथे सात देशांनी केलेल्या कराराने पोलिसांना अशी माहिती परस्परांच्या नोंदवह्यांतून मिळवण्याची वाट खुली केली आणि २००८ मध्ये तिला युरोपीय संघाच्या कायद्याचे रूप मिळाले.

यापुढील पायरी म्हणजे २०११ चा सीमापार अंमलबजावणीविषयक निर्देश. त्यात आठ गुन्हे निश्चित करण्यात आले: वेगमर्यादा ओलांडणे, सीटबेल्ट न लावणे, तांबडा दिवा ओलांडणे, मद्य पिऊन गाडी चालवणे, अमली पदार्थांच्या अमलाखाली गाडी चालवणे, हेल्मेट न घालणे, निषिद्ध मार्गिकेतून जाणे आणि चालवताना मोबाइल वापरणे. यांपैकी एखादा गुन्हा परदेशी वाहनाने केला, तर त्याच्या मालकाचे नाव व पत्ता संबंधित देशाने द्यावा, असे ठरले.

या निर्देशाचा न्यायालयीन प्रवास बोधप्रद आहे. निर्देश संमत करताना त्याला पोलीस सहकार्यविषयक तरतुदींचा आधार देण्यात आला होता, आणि त्या तरतुदींतून बाहेर राहण्याची मुभा असलेले ब्रिटन, आयर्लंड व डेन्मार्क त्यामुळे त्याला बांधील नव्हते. निर्देशाचा खरा उद्देश रस्ता सुरक्षा हा आहे, तेव्हा त्याचा आधार वाहतूकविषयक तरतुदीच असायला हवा, अशी आयोगाची भूमिका होती. ६ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने ती मान्य करून निर्देश रद्द ठरवला. व्यवस्था कोलमडू नये म्हणून त्याचे परिणाम वर्षभर चालू ठेवण्यात आले. ११ मार्च २०१५ रोजी नव्या आधारावर जवळजवळ तोच निर्देश पुन्हा संमत झाला आणि तो सर्वच सदस्य देशांना लागू झाला. वाहतूक पोलिसांचे काम हे गुन्हेगारांचा पाठलाग की सार्वजनिक सुरक्षिततेचा भाग, या प्रश्नाला न्यायालयाने दिलेले हे उत्तर मानता येईल.

माहिती मिळाली तरी दंड मिळतोच असे नाही. याचे एक कारण जबाबदारीच्या दोन भिन्न कल्पनांत आहे. फ्रान्स व नेदरलँड्स यांसारख्या देशांत कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याबद्दल प्रथमतः वाहनाच्या मालकाला जबाबदार धरले जाते. जर्मनीत व स्वीडनमध्ये प्रत्यक्ष चालक कोण होता हे सिद्ध करावे लागते, म्हणून तेथील कॅमेरे चालकाचा चेहराही टिपतात. फ्रान्सचा कॅमेरा मागील नंबरप्लेटचेच छायाचित्र घेत असेल, तर त्या पुराव्याचा जर्मन कार्यालयाला उपयोग मर्यादित राहतो. आपण गाडी चालवत नव्हतो हे सांगण्याची संधी मालकाला मिळाली नसेल, तर जर्मनी परदेशी दंडाची वसुली नाकारू शकते. दंडाच्या परस्पर वसुलीविषयी २००५ चा वेगळा निर्णय आहे, मात्र ७० युरोंहून कमी रकमेच्या दंडाची वसुली नाकारण्याची मुभा त्यात दिलेली आहे. किरकोळ वेगभंगाचे अनेक दंड या रकमेच्या आतच बसतात.

भाषा हाही लहान अडथळा नाही. परदेशी मालकाला पाठवायचे पत्र त्याच्या वाहनाच्या नोंदणीपत्राच्या भाषेत किंवा त्याच्या देशाच्या अधिकृत भाषेत असावे, असा दंडक निर्देशात घालण्यात आला. न कळणाऱ्या भाषेतले सरकारी पत्र लोक टोपलीत टाकतात, हे सर्वच देशांतील अनुभवाला धरून आहे.

२०२३ मध्ये सुधारणेचा प्रस्ताव मांडताना आयोगाने मान्य केले की, सीमापार गुन्ह्यांपैकी सुमारे ४० टक्के गुन्हे अजूनही शिक्षेविना सुटतात. डिसेंबर २०२४ मध्ये संमत झालेल्या सुधारित निर्देशात धोकादायक रीतीने पुढे जाणे, धोकादायक जागी वाहन उभे करणे, अखंड पांढरी रेघ ओलांडणे, उलट दिशेने गाडी चालवणे, आपत्कालीन वाहनांना वाट न देणे अशा गुन्ह्यांची भर पडली. ब्रिटन मात्र २०२० च्या अखेरीस या व्यवस्थेतून बाहेर पडले.

भारतासह युरोपबाहेरील देशांतून येऊन भाड्याची मोटार चालवणाऱ्या पर्यटकांना ही पळवाट सहसा मिळत नाही. मोटार त्याच देशात नोंदलेली असते, भाडे-कंपनी पोलिसांना चालकाचे नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचा आकारही चालकाच्या क्रेडिट कार्डवर लावते.

परवाना रद्द करण्याच्या शिक्षेची अडचण आणखी खोल होती. एखाद्या देशाने परदेशी चालकाला गाडी चालवण्यास बंदी केली, तरी ती बंदी त्या देशापुरतीच राही. ज्याने दुसऱ्या देशात कोणाचा जीव घेतला, तो आपल्या देशात परतल्यावर कायदेशीररीत्या गाडी चालवू शकत असे. या विषयावर १९९८ मध्ये करार झाला होता, परंतु फारच थोड्या देशांनी तो अमलात आणला. गंभीर गुन्ह्यांसाठीची अशी बंदी संपूर्ण युरोपीय संघात लागू व्हावी, या कायद्याला २०२५ मध्ये मान्यता मिळाली. त्याची अंमलबजावणी व्हायला काही वर्षे लागणार आहेत.

सीमेपलीकडील पाठलाग

शेंगेन कराराची अंमलबजावणी करणाऱ्या १९९० च्या करारातील कलम ४१ पोलिसांना विशिष्ट परिस्थितीत शेजारच्या देशात शिरून पाठलाग करण्याची परवानगी देते. किती अंतरापर्यंत, किती वेळ आणि पकडण्याचा अधिकार असेल की नाही, हे प्रत्येक देशाने जाहीर करायचे असते. साध्या वेगभंगासाठी हा अधिकार नाही. खून, जाळपोळ, अपहरण यांसारख्या गुन्ह्यांच्या यादीत मात्र रस्त्यावरचा एक गुन्हा आहे: मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेल्या अपघातानंतर न थांबता, नाव-पत्ता न देता पळून जाणे. सीमाभागात केल येथील जर्मन-फ्रेंच केंद्रासारखी संयुक्त पोलीस केंद्रेही आहेत. तिथे दोन्ही देशांचे पोलीस एकाच इमारतीत बसतात आणि एका देशाने विचारलेल्या नंबरप्लेटची माहिती दुसऱ्याकडून तत्काळ मिळते. बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग यांच्यातील २०१८ च्या पोलीस कराराने, जो १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाला, पाठलागावरील मर्यादा बऱ्याच सैल केल्या.

एडवर्ड आणि सुरक्षा सप्ताह

२१ सप्टेंबर २०१६ रोजी टिस्पोलने 'प्रोजेक्ट एडवर्ड' हा उपक्रम सुरू केला. रस्त्यावर एकही मृत्यू न होणारा युरोपीय दिवस, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव तयार झाले आहे. त्या सुमारास युरोपीय संघातील रस्त्यांवर रोज सरासरी ७० माणसे मरत. एका दिवसात शून्य मृत्यू होतील अशी कोणाचीही अपेक्षा नव्हती. वर्षाच्या आकड्याने न हलणारे मन एका दिवसाच्या आकड्याने हलते, म्हणून मोजणीचा कालखंड लहान केला गेला. २०२० पासून रोडपोलने त्याचा विस्तार करून १६ ते २२ सप्टेंबर हा सुरक्षा सप्ताह सुरू केला. एडवर्ड हे नाव ब्रिटनमध्ये स्वतंत्रपणे चालू राहिले, मात्र आद्याक्षरातील 'युरोपीय' या शब्दाच्या जागी तिथे 'प्रत्येक' या अर्थाचा शब्द आला.

परिणाम आणि आक्षेप

२००१ ते २०१० या काळात युरोपीय संघातील रस्ते-मृत्यू निम्मे झाले नाहीत, पण उद्दिष्टाच्या बरेच जवळ आले. त्यानंतर घसरणीचा वेग मंदावला. सध्याच्या २७ देशांत २०१९ मध्ये सुमारे २२,८०० आणि २०२३ मध्ये सुमारे २०,४०० मृत्यू झाले. २०३० पर्यंत मृत्यू व गंभीर दुखापती निम्म्यावर आणणे आणि २०५० पर्यंत शून्याजवळ जाणे, हे नवे उद्दिष्ट आहे. शून्याची ही कल्पना स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्येच स्वीकारली होती. या घटीत पोलीस सहकार्याचा वाटा किती, हे वेगळे काढून दाखवता येत नाही. अधिक सुरक्षित मोटारी, सुधारलेले रस्ते व तत्पर वैद्यकीय मदत यांचाही तीत हात आहे.

मोहिमांच्या टिकाऊपणाबद्दल शंका घेतल्या गेल्या आहेत. जर्मनीतील पासाऊ विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी ब्लिट्समॅरेथॉनच्या दिवसांचा अभ्यास केला. त्यात त्या दिवशी अपघात सुमारे ८ टक्क्यांनी आणि जखमी व मृतांची संख्या सुमारे ९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा परिणाम मोहीम संपल्यानंतर टिकला नाही. जर्मनीतीलच काही राज्यांनी मनुष्यबळाचे कारण पुढे करून पुढील काळात या मोहिमेतून अंग काढून घेतले. दंडवसुली हाच सरकारचा खरा हेतू असतो, हा आक्षेप सर्वच देशांत ऐकू येतो. वसुली हा हेतू असता तर तारीख व जागा आधी छापल्या नसत्या, हे त्यावरचे उत्तर पुरेसे आहे. टिकाऊपणाचा आक्षेप मात्र गंभीर असून त्याचे समाधान एकदिवसीय मोहिमेत नाही, बारमाही तपासणीत आहे. अनेक देशांत वाहतूक पोलिसांची संख्या कमी होत असताना ही बारमाही तपासणी कोण करणार, हा प्रश्न रोडपोलच्या अधिकारकक्षेबाहेरचा आहे.

सहकार्याचा भर जिथे आहे आणि मृत्यू जिथे होतात, त्या जागाही वेगळ्या आहेत. परदेशी वाहने व लांब पल्ल्याचे ट्रक मुख्यतः द्रुतगती महामार्गांवर असतात, परंतु युरोपीय संघातील रस्ते-मृत्यूंपैकी जेमतेम ९ टक्के तिथे होतात. सुमारे ५२ टक्के मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर आणि ३८ टक्के शहरांत होतात. शहरांतील मृतांत पादचारी, सायकलस्वार व दुचाकीस्वार यांचे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. देशादेशांतील अंतरही मोठे आहे. २०२३ मध्ये दर १० लाख लोकसंख्येमागे स्वीडनमध्ये २२, डेन्मार्कमध्ये २७, तर रोमानियात ८१ आणि बल्गेरियात ८२ माणसे रस्त्यांवर मरण पावली. संपूर्ण संघाची सरासरी ४६ होती.